विवाल्दीचा विवाहविधी

समता कॉलोनी, रायपूर
१८ जानेवारी २०२५

ती. सौ. इंदूताई हिस,
सा. न. (अंगे आठही वापरली आहेत, पण त्यांतली सहा रागाने ताठ आहेत, हे समजून घ्यावे.) वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी पोचलं. पहिली तक्रार तातडीची, म्हणून आधी नोंदवतो. आरंभीच तू मला 'अनेक आशिर्वाद' पाठवले आहेस. त्यातला 'शि' ऱ्हस्व आहे. तो दीर्घ का, हे मी बत्तीस वर्षं कॉलेजात घसा कोरडा करून सांगतो आणि मुलं तेवढ्याच निष्ठेनं विसरतात. त्यांचं मी सोडून दिलं आहे. पण सख्ख्या थोरल्या बहिणीनं असा आखूड आशीर्वाद द्यावा? तो मला लागू झालेला नाही. गेल्या आठवड्यातली माझी सर्दी तुझ्या खात्यावर.

आता दुसरी तक्रार. फोनवर केली असती तर दिवाळीसारखं झालं असतं. तेव्हा फोन आधी तू आपटलास की मी, यावरच आपण आठ दिवस भांडलो. म्हणून ठरल्याप्रमाणे लेखी भांडतो.

प्रकरण मुळापासून सांगतो, कारण तुला ते नागपूरकडून उलटं कळलं आहे. आमच्या वसाहतीतल्या मंडळाचं हळदीकुंकू होतं. चिटणीस पायल हिनं आमच्या मंजिरीला व्हायोलिन वाजवायला सांगितलं. मंजिरीनं विवाल्दी नावाच्या जुन्या इटालियन संगीतकाराची रचना निवडली. पायलनं कार्डाचा मजकूर छापखान्याला फोनवरून वाचून दाखवला. समोरचे भैया हिंदीभाषक, बाजूला यंत्राची घरघर. त्यांनी जे ऐकलं ते छापलं: 'कु. मंजिरी यांचा विवाहविधी, व्हायोलिनसह. नंतर अल्पोपाहार.' पायलनं न वाचता त्याचा फोटो साऱ्या गोतावळ्यात पाठवून दिला. चाळीसेक बायका अक्षता घेऊन हजर. बिलासपूरची सत्यभामामावशी पहिल्या गाडीनं साडी घेऊन आली आणि पहिल्या रांगेत बसून, नवरदेव कुठं आहे, असं ज्याला त्याला विचारत राहिली. मंजिरीनं तशातच पंधरा मिनिटं वाजवलं. शेवटी सवयीनं दोघींनी अक्षता टाकल्या, त्या व्हायोलिनच्या भोकांतून आत गेल्या. सोमवारपर्यंत ती वाद्य हलवून तांदूळ काढत होती.

इथवर हसण्यासारखं होतं आणि मी हसलो. मग ते कार्ड नागपूरला यशदीपच्या आईकडे पोचलं. आमच्या मुलाशी बोलणी चालू असताना मुलीचं लग्न कोणाशी लावून राहिले, असं त्यांनी तुला विचारलं. तू खुलासा केलास, लग्न नाही, नुसतं व्हायोलिन. त्यावर त्या म्हणाल्या की हे तर त्याहून कठीण, आमच्या घरात सून स्टेजवर बसत नाही. आणि तू काय केलंस? कागद घेतलास आणि लिहून दिलंस की लग्नानंतर मंजिरी चारचौघांत वाजवणार नाही, हा आमचा शब्द. त्याची प्रत मला धाडलीस, जणू पेढे धाडावेत.

ताई, 'आमचा' हे उत्तमपुरुषी बहुवचन आहे. त्यात मी येतो, मुलीची आई म्हणून राधिका येते, मंजिरी तर येतेच. आम्हां तिघांपैकी कोणाला विचारलंस? पोरीनं तुझा कागद टेबलावर पाहिला, वाचला, घडी होती तशीच घातली आणि शंकर नगरला ऑफिसात निघून गेली. डबा विसरली. त्या विसरलेल्या डब्यासमोर बसून मी हे लिहितो आहे, आणि इतका संतापलो आहे की अक्षर बिघडलं आहे.

राधिका नमस्कार सांगते. तिचा राग वेगळा आहे, तो ती स्वतः कळवील.

लोभ आहे. वाढवण्याची विनंती या खेपेला करत नाही, आहे तोच पचत नाही.

तुझा,
निरंजन

॰

वर्धा
२७ जानेवारी २०२५

चि. निरंजनास,
अनेक आशीर्वाद. दीर्घ आहे, पट्टी लावून मोजून घे.

शब्द मी दिला. हव, दिला. रायपूर सोडून चाळीस वर्षं झाली तरी हा 'हव' तोंडातून जात नाही, तसा तुझा स्वभावही जात नाही. काही बिनसलं की तुले आधी व्याकरण आठवते.

तू रागावला, मीही रागावली आहे. मंजिरीसाठी पहिलं स्थळ आलं, तर मुलाचे वडील संस्कृतला मेलेली भाषा म्हणाले म्हणून तू चहा अर्धा टाकून उठला. दुसऱ्या मुलानं कुठलासा श्लोक चुकीचा म्हटला तर तू त्याला तिथेच दुरुस्त केला, पाहुण्यांसमोर, दोनदा. आता हे तिसरं. हे तर आपण आणलंही नाही. पोट्टी आणि यशदीप सहा महिन्यांपासून आपसात बोलून राहिले, तिनंच मला सांगितलं, तुझ्याआधी सांगितलं. आवडतो तो तिला. असं असताना एका छापखान्याच्या गलतीपायी सगळं मोडायच्या बेतात होतं, ते मी सावरलं. कोणी तरी सावरायला पाहिजे होतं. तू तर हसत बसला होता, स्वतःच लिहिलंस.

आणि मी काय असं भयंकर कबूल केलं? चारचौघांत नाही, इतकंच. घरात वाजवू दे की. दार लावलं, वाजवलं, दार उघडलं, स्वयंपाकाला लागली. व्हायोलिन कोणी मोडून चुलीत घालत नाही. सव्वीस वर्षांची झाली ती. तो तुझा विवाल्दी कोण, कुठला, मेला कधी, त्याच्यापायी आपल्या पोरीचं घर मोडायचं का? तुले काहून एवढी आग लागली, ते मला समजून नाही राहिलं. लहानपणी तर तुला आरतीचा सूरही धरता येत नव्हता. टाळ तुझ्या हातून काढून घेत असत.

राधिकाचं पत्र आलं. दोन ओळींचं होतं. तुझ्या आठ पानांहून ते मला जास्त लागलं.

माया आहेच, ती रागात मोजत नाहीत.

तुझी,
ताई

॰

समता कॉलोनी, रायपूर
५ फेब्रुवारी २०२५

ती. इंदूताईस,
सा. न., यावेळी नियमानुसार. वि. वि.

आरोप क्रमांक एक, दोन मान्य. तो श्लोक मी तिसऱ्यांदाही दुरुस्त केला असता, पण मुलाच्या मामांनी विषय बदलला.

विवाल्दी कोण, असं तू विचारलंस. मलाही ठाऊक नव्हतं. मला तो मंजिरीच्या प्रफुल्ल सरांनी सांगितला. हे गृहस्थ उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत, पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये एकतीस वर्षं क्रेन चालवत होते. व्हायोलिन लहानपणी रेल्वे कॉलनीत एका पाद्र्याकडे शिकले. हातांची बोटं अशी की त्यांत व्हायोलिन खेळण्यासारखं दिसतं. रविवारी शिकवणी झाली की आमच्याकडे चहा घेतात, आणि चहापुरता एकेक संगीतकार सांगतात. विवाल्दी तीन रविवार पुरला.

तीनशे वर्षांपूर्वीचा, व्हेनिसचा. तोही पाद्रीच, केस तांबडे म्हणून गाव त्याला तांबडा पाद्री म्हणे. छातीत धाप लागते या सबबीवर त्यानं पूजापाठ करायचं सोडलं, पण लिहायला धाप लागली नाही, वाद्यांच्या रचनाच पाचेकशे आहेत. पोटासाठी एका अनाथाश्रमात मुलींना व्हायोलिन शिकवायचा. टाकून दिलेल्या मुली. आडनाव नाही, म्हणून ज्या वाद्यात हात बसला त्याचंच नाव लागायचं, अमकी व्हायोलिनची, तमकी बासरीची. त्यांचं वाजवणं ऐकायला परदेशातून राजेरजवाडे येत. मात्र मुली वर सज्जात, जाळीच्या आड. ऐका, पाहू नका. आश्रमाचे पंच दर वर्षी या मास्तराला ठेवायचं की नाही यावर मत घेत, एका वर्षी एका मतानं काढूनही टाकला. शेवटी परक्या गावी गरिबीत मेला आणि जवळजवळ दोनशे वर्षं कोणाला त्याची आठवण नव्हती. मग एका मठातून त्याच्या वह्यांचे गठ्ठे निघाले.

हे सगळं मी चहाबरोबर गिळलं. तिसऱ्या रविवारी सरांनी पुढचं सांगितलं. त्या मुलींपैकी कोणाचं लग्न ठरलं, तर आश्रम सोडताना लिहून द्यावं लागे की यापुढे चारचौघांत वाजवणार नाही. इंदूताई, अक्षरशः तेच. तुझा कागद तेव्हा माझ्या खिशात होता. मी चहा ठेवून आत गेलो, कारण डोळ्यांत पाणी आलं आणि क्रेनवाल्यासमोर रडणं बरं दिसेना.

तू म्हणतेस, दार लावून वाजवू दे. त्या मुलींना निदान जाळी होती, आणि जाळीच्या खाली ऐकणारी माणसं होती. तू तर भिंतच बांधलीस. मला राहून राहून वाटतं, असले कागद कोण लिहीत असतील? कोणत्या हातानं लिहिले असतील? लिहिणाऱ्याला जेवण कसं गेलं असेल?

म्हणून मी आज नागपूरला पत्र टाकलं. दिलेला शब्द परत घेतो, असं स्वच्छ लिहिलं. तू रागावशील. रागव.

लोभ शिल्लक असल्यास कळवणे.

तुझा,
निरंजन

॰

वर्धा
१३ फेब्रुवारी २०२५

चि. निरंजन,
आशीर्वाद.

कोणत्या हातानं, असं विचारलंस. तुझ्या.

मार्च १९८४. तू पंधरा वर्षांचा, मी तेवीसची. रायपूर रेडिओवर मी दोनदा गायली होती, तिसऱ्यांदा बोलावणं आलं त्याच आठवड्यात वर्ध्याचं स्थळ पक्कं झालं. यांच्या वडिलांनी लेखी मागितलं. आपल्या बाबांचं अक्षर रेल्वेच्या पावत्या लिहून बिघडलेलं, म्हणून त्यांनी तुला बसवलं. बाबा म्हणाले, लिही, लग्नानंतर ही गाणार नाही. तू लिहिलंस, 'चि. सौ. कां. इंदू ही विवाहोत्तर जाहीर गायन करणार नाही, याची आम्ही हमी देतो.' विवाहोत्तर हा शब्द तुझा होता. बाबांनी तुझी पाठ थोपटली. मी दारात उभी होती, हातात पिठाची परात. तू वर पाहून हसला, शाबासकीत माझाही वाटा असल्यासारखा.

मामंजी गेल्यावर पोथ्यांच्या कपाटात तो कागद सापडला. एकही चूक नाही. सगळे ऱ्हस्व दीर्घ जागच्या जागी.

चाळीस वर्षं मी हे तुला म्हटलं नाही, कारण तू पोट्टा होता आणि पोट्ट्याला काय कळते. आताही म्हटलं नसतं. पण व्हेनिसच्या पोरींसाठी तुझ्या डोळ्याला पाणी आलं, ते वाचून माझ्या डोक्यात गेलं. त्या तर तीनशे वर्षांमागच्या. मी तुझी सख्खी, आणि दारातच उभी होती.

मंजिरीचा शब्द का दिला, ते आता मीच मला विचारून राहिली. सांगू? मला वाटलं, सोपं आहे. मला जमलं ना. पहिलं वर्ष जड जाते, मग पोरं होतात, मग लोकांना माहीतच नसते की ही गात होती. हे मी एका परीनं तिच्या सुखासाठीच लिहिलं, आणि लिहिताना हात कापला नाही. तुझाही नसेल कापला.

नागपूरला पत्र टाकायच्या आधी तू तरी पोरीला विचारलं का? नसणारच.

काळजी घे, सर्दी गेली असेल.

ताई

॰

रायपूर
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
नमस्ते.

मराठीत लिहून राहिली, गलत झालं तर समजून घेशील. बाबांना दाखवलं नाही, ते लाल पेन घेऊन बसतील. तुझं पत्र त्यांनी डायनिंग टेबलवरच ठेवलं होतं, मी वाचलं. सॉरी. आपल्या घरात प्रायव्हसी नाही, हा पण एक फायदा आहे.

आत्या, मला तुम्हा दोघांचाही खूप राग आला आहे. तू माझ्याकडून शब्द दिलास, बाबांनी माझ्याकडूनच परत घेतला. मी मधात कुठेच नाही. तुम्ही दोघं माझ्यासाठी भांडता पण पोस्टानं, एकमेकांशी. मी त्याच घरात बाजूच्या खोलीत असते.

तर मीच यशदीपला फोन केला. विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, मम्मी को जो ठीक लगे. मी म्हटलं, मम्मी नाही, तू सांग. तो म्हणाला, शादी के बाद टाइम किसके पास रहता है. भांडलाही नाही. सहा महिने झाले बोलून, मी काय वाजवते हे त्यानं एकदाही विचारलं नाही. त्याला वाटत होतं गिटार आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसली होती. आता हसू नाही आलं. मी नाही म्हणून सांगितलं. ऑफिसच्या वॉशरूममध्ये अर्धा घंटा रडली, मग फाइल पूर्ण केली. तो वाईट नाही. आवडत होता, हे पण खरं आहे.

दुसरी गोष्ट. कोलकात्याला एक ऑर्केस्ट्रा आहे, एप्रिलमध्ये ते लोक नवीन व्हायोलिनवाले निवडणार आहेत. सर म्हणतात, जा. निवड झाली तर नोकरी सोडून तिकडेच राहावं लागेल. सर माझ्यावर नेहमीच खूश असतात, म्हणून त्यांचं म्हणणं किती धरायचं, समजत नाही. मी काल बाबांना सरळ विचारलं की बाबा, मी सच में अच्छा बजाती हूँ का? ते चष्मा पुसत राहिले. बहुत देर.

तू गात होतीस हे मला कोणी कधीच नाही सांगितलं. मला याचाही राग आला.

आपकी,
मंजिरी

॰

समता कॉलोनी, रायपूर
२३ फेब्रुवारी २०२५

ती. इंदूताईस,
नमस्कार.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराचे चार मसुदे केले, चारही फाडले. चारही शुद्ध होते.

तो कागद मला आठवतो. परात आठवत नाही, तू दारात होतीस हेही नाही. शाबासकी आठवते, आणि 'विवाहोत्तर' हा शब्द सुचल्याचा आनंद आठवतो. तो आनंद मी पुढे कित्येक वर्षं बाळगला. पहिल्या दिवशी वर्गात संधी शिकवताना मी आजही हाच शब्द फळ्यावर लिहितो. विवाह अधिक उत्तर. बत्तीस वर्षं, दर जुलैला. मला जेवण कसं गेलं असेल, याचं उत्तर तुला हवं असेल तर सांगतो, उत्तम गेलं असणार. पंधरा वर्षांचा होतो ही सवलत तू मला दिलीस. मी ती घेत नाही, कारण नंतर मी पंचवीसचा झालो, पस्तिसाचा झालो, दर दिवाळीला वर्ध्याला आलो, आणि तू आता गात का नाहीस, हे एकदाही विचारलं नाही. क्षमा माग, असं राधिका म्हणते. ती पत्रातून मागायची नसते. रथसप्तमी होऊन गेली आहे, उन्हं अजून सोसण्यासारखी आहेत, तू ये किंवा मी येतो.

मंजिरीनं तुला लिहिलंय, असं ती म्हणाली. म्हणजे नागपूरचं तुला कळलं. ती रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दोन तास वाजवते, दार उघडं ठेवून. शेजारचे विशालभैया गेल्या महिन्यात, दीदी जरा धीरे, असं सांगायला आले होते, हल्ली अंगणात खुर्ची टाकून बसतात. ते बसतात म्हणून मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की ते कौतुकानं बसतात की वीज गेली म्हणून, हे मला ठाऊक नाही.

तिनं मला जे विचारलं, त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. मी चष्मा पुसला, मग डॉक्टरांकडे जायचंय असं सांगून बाहेर पडलो, समता कॉलोनीला दोन फेऱ्या मारल्या आणि परत आलो. डॉक्टरांकडे काही काम नव्हतं.

ताई, महिनाभर मी तुझ्यावर गरजत होतो, नागपूरवर गरजत होतो, तीनशे वर्षांमागच्या पंचांवरही गरजलो. त्या गरजण्यात एक गोष्ट झाकली गेली, ती आता सांगतो. मला कळत नाही ती चांगली वाजवते की नाही. मला आवाज ऐकू येतो. तो जलद आहे की मंद, एवढं समजतं. त्यापलीकडे मी ठार अडाणी आहे. टाळ काढून घ्यायचे ते बरोबरच होतं. हो म्हटलं तर ती नोकरी सोडून कोलकात्याला जाईल, माझ्या शब्दावर जाईल, आणि तिथले लोक चार मिनिटं ऐकून परत पाठवतील. नाही म्हटलं तर तुझ्या बाबतीत जे मी लिहून केलं तेच तोंडानं केल्यासारखं होईल. आपल्या घरात सूर कळणारं माणूस एकच होतं.

तिला आवडणारं घर गेलं. ते तिनं सोडलं, हे खरं, पण मी जी आग लावली तिच्या उजेडात सोडलं. आणि ज्याच्यासाठी आग लावली ते कसं आहे, हे मला ठाऊक नाही. मला याचीच भीती वाटते. बाकी कशाची नाही.

निरंजन